'लॉयल' शब्दाचा बेळगावी इतिहास

इंग्रजीच्या तासाला 'लॉयल' या शब्दाचा मराठी प्रतिशब्द आम्ही विचारला, तेव्हा वर्गातून तीन उत्तरे आली. एकाने 'एकनिष्ठ' म्हटले, दुसऱ्याने इतिहासाच्या पुस्तकातले 'राजनिष्ठ' सांगितले, आणि तिसऱ्याने 'इमानी' म्हणताच वर्ग हसला, कारण तो शब्द मुलांनी कुत्र्याच्या निबंधात वापरलेला होता. कोशात पाहू गेल्यास तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. तरीही तिन्हींचा अर्थ एक नव्हे, आणि तो एक नाही याची किंमत आमच्या या सीमाभागात एका थोर पुरुषास मोजण्याची वेळ आली होती. तो प्रसंग शिक्षकबंधूंपुढे ठेवावा असे आम्हांस वाटते.

'लॉयल' हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत गेला. त्याचे मूळ लॅटिन, आणि 'कायदेशीर' या अर्थी जो 'लीगल' शब्द आहे तो त्याचा सख्खा भाऊ होय. म्हणजे 'लॉयल' मनुष्य मुळात कायद्यास धरून वागणारा. आमच्या शब्दांत कायद्याचा मागमूस नाही. 'निष्ठा' म्हणजे एका ठिकाणी पक्के उभे राहणे. 'इमान' अरबीतून आले, आणि तेथे त्याचा अर्थ श्रद्धा असा आहे. 'निमकहलाल' शब्दात तर खाल्लेल्या मिठाची आठवण आहे. कायदा पाळणे, पाय रोवून उभे राहणे, श्रद्धा ठेवणे आणि मिठास जागणे या चार वेगळ्या गोष्टी आहेत. राज्यकर्त्यांच्या भाषेतील एका शब्दाने त्या चारही आपल्या पोटात घेतल्या आणि प्रजेकडून एकदम मागितल्या.

ही मागणी कायद्यातही उतरली. १८७० साली दंडसंहितेत १२४-अ हे कलम घालण्यात आले. सरकारविषयी 'डिसअफेक्शन' उत्पन्न करणे हा त्यातील गुन्हा. लोकमान्य टिळकांवर १८९७ साली याच कलमाखाली खटला झाला, तेव्हा न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीस सांगितले की या शब्दाचा अर्थ प्रेमाचा अभाव. म्हणजे सरकारवर प्रेम नसणे हेही दोषास्पद! शब्दाचा पहिला अवयव काढून टाकून उरलेल्याचा अर्थ लावण्याची ही रीत आमच्या विद्यार्थ्याने वापरली असती तर आम्ही गुण कापले असते. पुढे १८९८ साली कायदा दुरुस्त होऊन त्या शब्दात 'डिसलॉयल्टी' आणि सर्व प्रकारचा वैरभाव येतो, असे स्पष्टीकरण जोडले गेले. 'डिसलॉयल्टी' म्हणजे काय, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

आता बेळगावकडे वळू. १९१६ च्या एप्रिलअखेर येथे प्रांतिक परिषद भरली आणि त्याच वेळी टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली. १ मे रोजी टिळकांनी बेळगावात स्वराज्यावर मराठीत भाषण केले. त्यात त्यांनी 'सरकार' या शब्दाचीच फोड केली. एक सरकार न दिसणारे, वेदांतातील ब्रह्मासारखे न बदलणारे. दुसरे रोज डोळ्यांस दिसणारे, म्हणजे नोकरशाही. पहिल्याविषयी आमची तक्रार नाही, दुसरे बदलले पाहिजे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. ही फोड मराठी कानास सहज पटते. देवळातील देव मानून पुजाऱ्याशी भांडणारी माणसे प्रत्येक गावात असतात, आणि त्यांस कोणी नास्तिक म्हणत नाही.

सरकारी अधिकाऱ्यांस ती पटली नाही. हे भाषण आणि नंतरची अहमदनगरची दोन भाषणे यांवरून, टिळकांच्या साठीच्या समारंभाच्या सुमारासच त्यांस नोटीस मिळाली. एक वर्षाच्या चांगल्या वर्तणुकीबद्दल वीस हजारांचा स्वतःचा मुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन द्यावेत, असा हुकूम झाला. मुंबई हायकोर्टात टिळकांच्या बाजूने बॅ. जिना उभे राहिले. न्यायमूर्ती बॅचलर आणि शहा यांनी ९ नोव्हेंबर १९१६ रोजी तो हुकूम रद्द केला. सुटी वाक्ये वेचून न पाहता भाषणांचा एकंदर परिणाम पाहावा, ही दृष्टी तेथे मान्य झाली. बेळगावच्या मराठीने केलेला भेद इंग्रजी न्यायासनापुढे टिकला, असे म्हणण्यास आम्हांस हरकत दिसत नाही.

हा भेद सीमाभागात अजून उपयोगी पडतो. १९५६ च्या १ नोव्हेंबरला बेळगाव आणि निपाणी म्हैसूर राज्यात गेली. १९७३ पासून त्या राज्यास कर्नाटक म्हणतात. तेव्हापासून येथील मराठी माणसाची निष्ठा कोठे आहे, हा प्रश्न कधी उघड, कधी आडून विचारला जातो. तो कर भरतो, कायदा पाळतो, कन्नड शेजाऱ्याच्या लग्नाला जातो आणि घरी मराठी बोलतो. 'लॉयल' शब्दाच्या मूळ अर्थाने पाहिल्यास त्याच्यात काही उणे नाही. भाषेवरील निष्ठा ही दुसरी वस्तू आहे, आणि ती कोणत्याही जामिनाने बांधता येत नाही.

'सपोर्ट' शब्दाचा अनुभव याहून गोड आहे. त्याचे मूळ खालून उचलून धरणे असे आहे. आपला 'आधार' त्याच्या जवळचा. पण १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनात, माडखोलकर अध्यक्ष असता, संयुक्त महाराष्ट्राचा जो ठराव झाला त्यास लोकांनी दिला तो 'पाठिंबा'. या शब्दात पाठ आहे. कोणी पाठीशी उभे आहे, एवढेच तो सांगतो. वर्गात हे सांगत असता, घरी कन्नड बोलणारी एक मुलगी उठून म्हणाली, "सर, आमच्याकडे 'बेंबल' म्हणतात. 'बेन्नु' म्हणजे पाठ, आणि बल तर तुमचेच." आम्ही फळ्यावर 'पाठिंबा' लिहिले होते, त्याच्या शेजारी तिच्याकडूनच 'बेंबल' लिहवून घेतले.