अडकलेला पगार : परळ ते चंदीगड

आजची गोष्ट चंदीगडची आहे, पण तिचं मूळ मुंबईत परळला सापडतं.

२६ फेब्रुवारी २०२१. चंदीगडच्या पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयानं नोदीप कौर या तरुण कामगार कार्यकर्तीला जामीन दिला. हरियाणातल्या कुंडली औद्योगिक वसाहतीत कामगारांचा थकलेला पगार मागण्यासाठी तिची संघटना कारखान्यांच्या दारात जात होती. १२ जानेवारीला तिला अटक झाली. पोलिसांनी लावलेल्या कलमांत खुनाचा प्रयत्न होता आणि खंडणीही होती. आरोप खरे की खोटे हे ठरवणं न्यायालयाचं काम. आपल्याला इथं एवढंच पाहायचं आहे, की थकलेल्या पगाराच्या मागणीतून खंडणीच्या आरोपापर्यंत गोष्ट पोहोचू शकते. मग कामगारानं आपले पैसे मागायचे तरी कसे?

हा प्रश्न नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांत महिनाभराचा पगार पुढचे कित्येक दिवस मालकाकडेच राहायचा. कामगार मध्येच सोडून गेला की तो पैसा बुडाला. अडकलेला पगार म्हणजे कामगाराच्या पायातली बेडी होती. १८८४च्या सप्टेंबरमध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजारांच्या आसपास सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनकडे गेलं. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी आपल्याला ठाऊक असते. पण त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती : मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळालाच पाहिजे.

रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली. पगाराच्या तारखेला मात्र १९३६चा वेतन प्रदान कायदा यावा लागला. हजाराहून कमी कामगार असतील तर ७ तारखेच्या आत, जास्त असतील तर १० तारखेच्या आत पगार द्यायचा, असं त्यानं ठरवलं. दंड रुपयामागे अर्ध्या आण्याच्या वर नेता येणार नाही आणि तो वहीत नोंदवायचा, हेही ठरलं. मालकाची वही सरकारी तपासणीखाली आली.

तरी चोरी थांबली नाही, तिची जागा बदलली. दिल्लीत १९८२च्या आशियाई खेळांची बांधकामं चालू होती. किमान मजुरी रोज ९ रुपये २५ पैसे. ठेकेदार पैसे मुकादमाकडे द्यायचा आणि मुकादम माणसी एक रुपया कापून घ्यायचा. एका नागरी हक्क संघटनेनं न्यायमूर्ती भगवतींना पत्र लिहिलं. त्या पत्रालाच सर्वोच्च न्यायालयानं याचिका मानलं आणि निकाल दिला : किमान मजुरीहून कमी पैशांत काम करून घेणं ही घटनेच्या २३व्या कलमानुसार वेठच आहे.

आता आजचं बघू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आहे. तिच्या आधारे पगाराची चोरी अशी ओळखा :

मासिक पगार ७ तारखेनंतरही आलेला नाही. ओव्हरटाइम दुप्पट दरानं मिळत नाही. पगाराची पावती मिळत नाही. सगळी कपात मिळून निम्म्या पगाराच्या वर गेली आहे. नोकरी सोडून किंवा सुटून दोन कामाचे दिवस उलटले तरी हिशेब झालेला नाही. खात्यात पूर्ण पगार जमा होतो आणि त्यातले काही पैसे रोख परत मागितले जातात. यातलं एक जरी घडत असेल, तर ती 'कंपनीची पद्धत' नव्हे, चोरी आहे.

दावा करायला १९३६च्या कायद्यात आधी सहा महिने होते, पुढे एक वर्ष झालं. आता तीन वर्षं आहेत. दावा कामगार स्वतः करू शकतो, त्याची युनियनही करू शकते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट : पगार दिला हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. थकलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकारही कायद्यानं दिला आहे.

म्हणून हजेरी रोज आपल्या वहीत लिहा. किती वाजता आलो, किती वाजता सुटलो, हातात किती पडले. मुकादमाचे मेसेज पुसू नका. मग जिथं काम केलंत तिथल्या कामगार आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. शक्य असेल तर चारचौघांनी मिळून द्या. दारात जाऊन मागण्याचा हक्क आहेच, पण तिथं काय बोललं गेलं हे पुढे दुसराच कोणी सांगतो. शिक्का मारलेला अर्ज आपलं म्हणणं आपल्याच शब्दांत सांगतो. लोखंड्यांनी साडेपाच हजार सह्या उगाच गोळा केल्या नव्हत्या.