विक्रमाशेजारची चांदणी

१९६१ साली औरंगाबादला महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा झाली आणि दिनकर दह्यारी पहिले केसरी ठरले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये बेसबॉलपटू रॉजर मॅरिसने हंगामातला ६१ वा होमरन मारला आणि बेब रूथचा १९२७ पासूनचा ६० होमरनचा विक्रम मोडीत काढला. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. तरी पुढे पन्नासेक वर्षांनी महाराष्ट्राच्या आखाड्याला जो प्रश्न पडला, त्याचे पहिले पान अमेरिकेत त्याच हंगामात लिहिले गेले. विक्रम कोणाचा खरा मानायचा, आणि ते कोणी ठरवायचे?

मॅरिसचा गुन्हा एवढाच होता की त्याच्या वेळी हंगाम लांबला होता. रूथला १५४ सामने मिळाले होते, मॅरिसला १६२. बेसबॉलचे आयुक्त फोर्ड फ्रिक यांनी हंगाम अर्ध्यावर असतानाच जाहीर केले की १५४ सामन्यांनंतर रूथचा आकडा ओलांडला गेला तर त्याची नोंद वेगळी राहील. हे फ्रिक पूर्वी पत्रकार होते आणि रूथच्या नावाने छापून येणारे लेख त्यांनीच लिहून दिले होते. म्हणजे न्यायाधीश आधीपासूनच एका बाजूचा. नोंदवहीत आकड्याशेजारी तारांकन, म्हणजे ती बदनाम चांदणी, प्रत्यक्षात कधी छापली गेलीच नाही. लोकांच्या तोंडी मात्र ती मॅरिसला जन्मभर चिकटली. १९८५ साली तो वारला आणि वेगळी नोंद रद्द व्हायला १९९१ उजाडले. औषधाचा एक थेंबही न घेता ज्याच्यावर शिक्का बसला, असा हा माणूस.

औषधांचा काळ नंतर आला. १९९८ च्या उन्हाळ्यात मार्क मॅग्वायर आणि सॅमी सोसा यांनी अमेरिकेला वेड लावले. मॅग्वायर ७० वर थांबला, सोसा ६६ वर. त्याच ऑगस्टमध्ये एका वार्ताहराला मॅग्वायरच्या कपाटात अँड्रोस्टेनेडिओन या स्टेरॉइडसदृश औषधाची बाटली दिसली. तेव्हा ती दुकानात उघड मिळत होती आणि बेसबॉलमध्ये तिला बंदीही नव्हती. लोक उलट त्या वार्ताहरावरच चिडले. तीनच वर्षांनी बॅरी बाँड्सने एका हंगामात ७३ होमरन मारले आणि ऑगस्ट २००७ मध्ये हँक अ‍ॅरनचा कारकिर्दीतला ७५५ चा आकडाही ओलांडला. शेवटी तो ७६२ वर निवृत्त झाला. मधल्या काळात खेळाडूंना स्टेरॉइड पुरवणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या बाल्को प्रयोगशाळेचे प्रकरण उजेडात आले आणि डिसेंबर २००७ मध्ये बेसबॉलमधल्या उत्तेजकांवरच्या मिचेल अहवालात ८९ खेळाडूंची नावे छापली गेली. मॅग्वायरने २०१० मध्ये कबुली दिली. बाँड्सने जाणूनबुजून काही घेतल्याचे कधी मान्य केले नाही आणि बेसबॉलनेही स्टेरॉइडसाठी त्याच्यावर कधी बंदी घातली नाही.

बाँड्सच्या ७५६ व्या होमरनचा चेंडू एका कपड्यांच्या व्यापाऱ्याने साडेसात लाख डॉलरला विकत घेतला आणि त्याचे काय करावे यावर लोकांचे मत मागवले. पर्याय तीन होते: तसाच संग्रहालयाला द्यायचा, चांदणी उमटवून द्यायचा, किंवा रॉकेटमध्ये घालून अंतराळात सोडायचा. चांदणी जिंकली. आज कूपर्सटाउनच्या बेसबॉल संग्रहालयात तो डागलेला चेंडू आहे. पण त्याच इमारतीतल्या मानकऱ्यांच्या दालनात बाँड्सला जागा मिळालेली नाही. पत्रकारांच्या मतदानात ७५ टक्के मते लागतात. २०२२ साली, त्याच्या शेवटच्या संधीत, त्याला ६६ टक्के मिळाली.

आपल्याकडे हा प्रश्न बॅटीतून नव्हे, गदेतून आला.

मराठी कुस्तीत ताकदीला पहिल्यापासून एक हिशेब जोडलेला आहे आणि तो म्हणजे खुराकाचा. पहिलवान घडवायचा म्हणजे दुधाचा रतीब, तूप, बदाम, खसखस आणि बडीशेप वाटून केलेली थंडाई, मटण, अंडी, आणि पहाटेचे जोर-बैठका. शाहू महाराजांनी कोल्हापुरात पहिलवानांना राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे केले. त्या आश्रयाचा मोठा भाग खुराकच होता. गरीब घरातल्या पोराला हे सगळे परवडणार कुठून? म्हणून गाव वर्गणी काढायचे, वस्ताद स्वतःच्या खिशातून घालायचे. खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला पाठवण्यासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या या पोराने कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तेव्हा उत्तेजक चाचणी हा प्रकारच नव्हता. ऑलिंपिकमध्ये ती आली १९६८ मध्ये आणि स्टेरॉइडसाठीची चाचणी १९७६ च्या माँट्रिअलला.

याच खुराकाच्या संस्कृतीत एक जुनी भीती मुरलेली आहे. तालमीतले जुने लोक सांगतात की मोठी कुस्ती ठरली की वस्ताद पोराला बाहेरचे पाणीसुद्धा पिऊ देत नसे. कोणी काही कालवले तर? करणी, उतारा, लिंबू-मिरची हे सगळे त्याच भीतीचे नातलग. २०१६ मध्ये नरसिंग यादवने जेव्हा आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी भेसळ केल्याचा आरोप केला, तेव्हा दिल्लीतल्या इंग्रजी वाहिन्यांना तो चित्रपटाचा कथाभाग वाटला. आखाड्यातल्या माणसाला तसे वाटले नाही.

नरसिंग पंचम यादव हा जोगेश्वरीत वाढलेला, दूधविक्रेत्याचा मुलगा. मूळ कुटुंब उत्तर प्रदेशातले. कुस्ती मात्र मुंबईची आणि महाराष्ट्राची. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ७४ किलो गटात सुवर्ण जिंकले. मग २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा उचलली. असे त्याच्या आधी कोणालाच जमले नव्हते. पुढे विजय चौधरीने त्याची बरोबरी केली. राज्य सरकारने नरसिंगला पोलीस उपअधीक्षक केले. २०१५ च्या लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत त्याने कांस्य मिळवले आणि त्याबरोबर रिओ ऑलिंपिकची जागाही. दोन ऑलिंपिक पदके मिळवलेला सुशील कुमारही आता त्याच वजनगटात होता. दोघांत निवडीची कुस्ती व्हावी म्हणून तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला. जूनमध्ये न्यायालयाने नरसिंगच्या बाजूने निकाल दिला.

नंतर जे घडले ते आठ आठवड्यांत घडले. २५ जूनला आणि पुन्हा ५ जुलैला घेतलेल्या नमुन्यांत मेथँडिएनोन सापडले. सिबा कंपनीने १९५८ मध्ये डायनाबॉल नावाने अमेरिकेत आणलेली ही गोळी; वेटलिफ्टरांमुळे ती जगभर पसरली. स्टेरॉइडच्या कुळातले हे इतके जुने आणि इतके सहज पकडले जाणारे औषध की ऑलिंपिकच्या तोंडावर ते मुद्दाम कोणी घेईल का, हाच बचावाचा सगळ्यात दमदार मुद्दा होता. सोनिपतच्या सराव केंद्रात त्याच्या खोलीत राहणाऱ्या पहिलवानाच्या नमुन्यातही तेच निघाले. १ ऑगस्टला नाडाच्या, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, समितीने त्याला निर्दोष ठरवले. पेढे वाटले गेले. मग वाडाने, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, अपील केले आणि १८ ऑगस्टला, मॅटवर उतरायच्या आदल्या दिवशी, रिओतच बसलेल्या क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली. लवादापुढच्या तज्ज्ञांचे म्हणणे असे की पहिल्या नमुन्यातले प्रमाण पाण्यात मिसळलेल्या भुकटीचे नव्हे, सरळ गिळलेल्या एकदोन गोळ्यांचे दिसते. आणि भेसळीचा पुरावा? आरोप होता, कथा होती. लवादाला पटेल असा पुरावा नव्हता.

लवादाच्या निकालातले एक वाक्य फारसे कोणी वाचले नाही. २५ जून २०१६ पासूनचे निकाल रद्द. म्हणजे २४ जूनपर्यंतचे सगळे शाबूत: राष्ट्रकुलचे सुवर्ण, लास व्हेगासचे कांस्य, तिन्ही गदा. कायदा नमुना घेतल्याच्या तारखेपासून पुढे मोजतो. लोक मात्र मागे मोजत जातात आणि कुठे थांबायचे हे त्यांना कोणी सांगत नाही. बाँड्सचे तेच झाले. त्याच्या टीकाकारांनी त्याची कारकीर्द १९९८ पाशी कापली. अलीकडचा खरा, पलीकडचा खोटा. मराठी कुस्तीशौकिनांनी नरसिंगची कारकीर्द कुठेच कापली नाही. इथे त्याला आजही तीन वेळचा महाराष्ट्र केसरी म्हणूनच बोलावतात. बंदी २०२० मध्ये संपली, तो पुन्हा मॅटवर आला, आणि २०२४ मध्ये भारतीय कुस्ती महासंघाच्या खेळाडू आयोगाचा अध्यक्ष म्हणून निवडूनही आला. अमेरिकेने आकडा ठेवला आणि मान काढून घेतला. आपण मान ठेवला आणि प्रश्न विचारायचाच टाळला. यातले अधिक प्रामाणिक काय, याचे उत्तर या लेखकाच्या मते अमेरिकेच्या बाजूने जाते. निदान तिथे भांडण उघड्यावर झाले.

क्रिकेटचे प्रकरण छोटे, पण त्यातला पेच जास्त मजेशीर. विरारहून लोकलने मैदाने गाठणाऱ्या पृथ्वी शॉने नोव्हेंबर २०१३ मध्ये हॅरिस शील्डमध्ये रिझवी स्प्रिंगफील्डकडून ३३० चेंडूंत ५४६ धावा केल्या. वय १४. पाच वर्षांनी राजकोटला पहिल्याच कसोटीत शतक. मग २२ फेब्रुवारी २०१९ ला इंदूरमध्ये, सय्यद मुश्ताक अली स्पर्धेदरम्यान दिलेल्या नमुन्यात टर्ब्युटालिन सापडले. हे दम्यावरचे, खोकल्याच्या कित्येक औषधांत असणारे द्रव्य. दुकानातून बाटली आणून घेतली, इतकेच त्याचे म्हणणे होते आणि क्रिकेट मंडळाने ते मान्य केले. शिक्षा आठ महिन्यांची झाली. पण ती मागच्या तारखेने, १६ मार्चपासून लागू झाली आणि जाहीर झाली ३० जुलैला.

आता पंचांग उघडून पाहा. मार्च ते मे या काळात शॉ दिल्लीकडून आयपीएल खेळत होता. ३० मार्चला कोलकात्याविरुद्ध त्याने ९९ धावा केल्या. कागदोपत्री तो त्या दिवशी बंदीत होता. मैदानावर हजारो लोकांसमोर फटके मारत होता. त्या हंगामातल्या त्याच्या ३५३ धावा आजही आकडेवारीत जशाच्या तशा आहेत. तिथे कोणी चांदणी लावलेली नाही आणि लावायची मागणीही कोणी केली नाही. खोकल्याच्या औषधाने फटका लांब जात नाही हे सगळ्यांना ठाऊक होते, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण असे की तोवर भारतीय क्रिकेट मंडळ आपल्या खेळाडूंच्या चाचण्या स्वतःच्याच यंत्रणेकडून करून घेत होते आणि नाडाला दाराबाहेर उभे करत होते. शॉचा निकाल लागला आणि दहा दिवसांत, ९ ऑगस्टला, मंडळाने नाडापुढे मान तुकवली.

भारताचे एकूण चित्र काळजीचे आहे. वाडाच्या २०२३ च्या आकडेवारीत भारताच्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ दोषी निघाले, म्हणजे ३.८ टक्के, पाच हजारांहून जास्त चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. याचे मूळ पदकाच्या हव्यासात जेवढे आहे, तेवढेच नोकरीत आहे. महाराष्ट्रात सरकारी भरतीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. राज्य पातळीवरचे एक प्रमाणपत्र घरादाराचे दिवस पालटवू शकते. ज्याच्या बापाने रतीब पुरवता पुरवता शेत विकले, त्याच्यासमोर कोणी स्वस्तातली कुपी ठेवली तर मोह पडणारच.

ती कुपी आता जिममध्येही पोचली आहे. भूल दिलेल्या रुग्णाचा रक्तदाब सावरायला वापरतात त्या मेफेंटरमाइनची इंजेक्शने पुणे, सांगली, कोल्हापूर भागांत बेकायदा विकणाऱ्यांना गेल्या काही वर्षांत पोलिसांनी पकडले. घेणारी पोरे राष्ट्रीय खेळाडू नव्हती. नाडाच्या वहीत त्यांची नावे कधीच येणार नाहीत.

आणि रायगड जिल्ह्यातल्या अष्टमी गावापुरता हा प्रश्न कबड्डीचा आहे. कुंडलिकेच्या एका काठाला रोहा, दुसऱ्या काठाला अष्टमी, नगरपरिषद दोघांची एकच. आणि खेळ म्हणाल तर सगळ्या रायगडप्रमाणे कबड्डी. रात्री दिव्यांच्या झोतात, चुन्याच्या रेषा मारलेल्या मातीवर, लाउडस्पीकरवरच्या समालोचनात होणाऱ्या या स्पर्धांत लघवीचा नमुना घ्यायला कोणी येत नाही आणि येण्याची अपेक्षाही नाही. पंजाबात २०११ च्या कबड्डी विश्वचषकात चाचण्या सुरू झाल्या तेव्हा खेळाडू रांगेने सापडले होते. रायगडची कबड्डी तशी आहे असे म्हणायला कसलाच आधार नाही. पण इथल्याच मातीतून पोरे जिल्हा, राज्य, प्रो कबड्डी अशी चढत जातात आणि वरच्या पायरीवर चाचणी असते. तिथे पोचलेल्या पोराला सर्दी झाली आणि त्याने नाक्यावरच्या दुकानातून बाटली घेतली, की शॉचे झाले ते त्याचेही होऊ शकते. फरक इतकाच की त्याच्या पाठीशी क्रिकेट मंडळाचे वकील नसतील.

म्हणून स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना एक विनंती. चषकांच्या खर्चातून थोडे बाजूला काढून स्पर्धेच्या पहिल्या संध्याकाळी एखाद्या डॉक्टरला मैदानावर बोलवा आणि खेळाडूंशी अर्धा तास बोलू द्या. कोणत्या औषधात काय असते, आजारी पडल्यावर डॉक्टरला आधी काय सांगायचे, नाडाचे ‘नो युअर मेडिसिन’ अ‍ॅप मोबाइलवर कसे पाहायचे, एवढे तीन मुद्दे पुरे आहेत. आणि हे बोलणे पहिल्या सामन्याच्या शिटीआधी उरकून घ्या; नंतर कोणी ऐकत नाही.