आजारी मूल आणि त्याची आई

मूल आजारी पडले की आईने त्याच्या उशाशी बसावे, ही गोष्ट आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते की, तिच्यासाठी कोणाला झगडावे लागले असेल हे सांगूनही पटू नये. परंतु इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक इस्पितळांत आईबापांना मुलाची भेट क्वचितच मिळे. १९४९ च्या सुमारास लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात पहिला महिनाभर भेटीला बंदी होती. संध्याकाळी मूल झोपले असताना त्याला पाहून जावे, एवढीच काय ती सवलत.

या नियमाच्या मुळाशी निर्दयता होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. प्रतिजैविक औषधे निघण्यापूर्वी घटसर्पासारखा रोग एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर सहज जाई, आणि बाहेरून येणाऱ्या माणसाचे भय वाटणे साहजिक होते. दुसरे कारण असे की, आई भेटून गेली म्हणजे मूल आक्रोश करी. ती आलीच नाही तर काही दिवसांनी गप्प होई. मग परिचारिका समाधानाने म्हणत, "मूल आता रुळले." पुढचा सारा वाद या रुळण्याच्या अर्थाविषयीच झाला.

याला अपवाद नव्हते असे नाही. न्यूकॅसल येथे डॉ. जेम्स स्पेन्स यांनी १९२५ पासूनच तान्ह्या मुलांबरोबर आयांनाही इस्पितळात ठेवून घेतले होते. पण त्यांचे अनुकरण फारच थोड्यांनी केले.

जेम्स रॉबर्टसन या स्कॉटिश गृहस्थांनी १९४८ पासून, डॉ. जॉन बोल्बी यांचे सहकारी म्हणून, इस्पितळांतील मुलांचे निरीक्षण आरंभले. त्यांना तीन अवस्था आढळल्या. प्रथम मूल रडून आईला हाका मारते; नंतर निराश होऊन मुके होते; आणि अखेरीस अलिप्त होते, म्हणजे ते हसते, खेळते, पण आई आली तरी तिच्याकडे वळत नाही. ज्याला लोक रुळणे म्हणत, ते वस्तुतः मुलाने आशा सोडणे होते.

नुसत्या शब्दांनी डॉक्टरांची खात्री पटेना, तेव्हा रॉबर्टसन यांनी कॅमेरा हाती घेतला. अंतर्गळाच्या लहानशा शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस इस्पितळात राहिलेल्या अडीच वर्षांच्या एका मुलीचे त्यांनी चित्रण केले. निवडक प्रसंगच दाखविले असा आरोप येऊ नये म्हणून चित्रणाच्या वेळा आधीच ठरविल्या होत्या. ती मुलगी फारशी रडली नाही. मधूनमधून हळूच आईविषयी विचारीत राहिली. घरी निघताना मात्र तिने आईचा हात धरण्यास नकार दिला. १९५२ मध्ये लंडनच्या वैद्यकीय मंडळींपुढे हा चित्रपट दाखविला गेला, तेव्हा अनेकजण संतापले.

तथापि बीज रुजले होते. अस्थिशल्यविशारद सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने १९५९ मध्ये शिफारस केली की, आईबापांना केव्हाही भेटू द्यावे, लहान मुलांजवळ आईला राहू द्यावे, आणि मुलांच्या खेळाची व शिक्षणाचीही सोय असावी. सरकारने त्या मान्य केल्या, पण अनेक इस्पितळे ढिम्म राहिली. तेव्हा १९६१ मध्ये लंडनच्या बॅटरसी भागातील काही आयांनी संघटना उभारली व इस्पितळाइस्पितळांचे दरवाजे ठोठावले. बदल झाला तो अहवाल आणि आया या दोहोंच्या बळावर.

आपल्याकडे वॉर्डात मुलाच्या खाटेशी आई दिसतेच. परंतु नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागांची दारे तिला पुष्कळदा बंद असत. २०१७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आईबापांना योग्य शिक्षण देऊन अशा विभागांत बाळाच्या शुश्रूषेत सहभागी करून घेण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. हात धुणे आणि स्वच्छ वस्त्र घालणे शिकविले, तर आई रोगाचे भय न राहता शुश्रूषेची सहायक होते, हा त्यामागील विचार.

म्हणून वॉर्डातले एखादे मूल अगदी शहाण्यासारखे गप्प पडून आहे असे कोणी कौतुकाने सांगितले, तर त्याची आई कोठे आहे, एवढे अवश्य विचारावे.