मातृत्वापलीकडील स्त्री-आरोग्य : गडचिरोली, कैरो आणि त्यानंतर

प्रस्तावना :

स्वातंत्र्योत्तर काळात भारतातील स्त्री-आरोग्याचा विचार प्रामुख्याने गर्भारपण, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यांपुरताच झाला. १९५२ मध्ये शासनाने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. पुढे तो उद्दिष्टपूर्तीच्या आकड्यांनी बांधला गेला. 'पात्र जोडपी' हा या कार्यक्रमाचा घटक असल्याने अविवाहित मुलगी आणि पाळी गेलेली स्त्री त्याच्या कक्षेबाहेरच राहिल्या. आंतरराष्ट्रीय पातळीवरही स्थिती फारशी वेगळी नव्हती. १९८५ मध्ये रोझेनफील्ड व मेन यांनी माता-बालसंगोपन कार्यक्रमात माताच कोठे आहे, असा प्रश्न 'लॅन्सेट'मधून विचारला. १९८७ मध्ये नैरोबी येथे सुरक्षित मातृत्वाची मोहीम सुरू झाली. मात्र या मोहिमेचा केंद्रबिंदूही प्रसूती हाच होता.

गडचिरोलीचा अभ्यास :

१९८२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. तेथे कार्यरत असलेल्या डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्याचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग अथवा लैंगिक आजार होते आणि दर स्त्रीमागे अशा आजारांची सरासरी ३.६ होती. यापूर्वी स्त्रीरोग तपासणी झालेल्या स्त्रियांचे प्रमाण मात्र अवघे ८ टक्के होते.

या अभ्यासाचे महत्त्व त्याच्या पद्धतीत आहे. रुग्णालयातील नोंदी केवळ तेथवर पोहोचलेल्या स्त्रियांविषयी सांगतात. येथे संशोधक गावात गेल्याने न पोहोचलेल्या स्त्रियांचे आजार प्रथमच मोजले गेले. अंगावरून जाणे, ओटीपोटातील दुखणे या तक्रारी बाईच्या जातीला असायच्याच, अशी समजूत होती. संकोच व स्त्री-डॉक्टरांचा अभाव यांमुळे ते दुखणे अंगावरच काढले जाई. त्यामुळे तक्रार नाही म्हणजे आजार नाही, हे शासकीय गृहीतक टिकू शकले नाही.

कैरो ते बीजिंग :

कैरो येथील लोकसंख्या व विकास परिषदेपूर्वीच्या चर्चांत या निष्कर्षांचा आधार घेतला गेला. १९९४ च्या या परिषदेत १७९ देशांनी लोकसंख्येच्या आकड्यांऐवजी प्रजनन आरोग्य व हक्क यांना अग्रस्थान दिले. १९९५ च्या बीजिंग परिषदेने स्त्रीला संपूर्ण जीवनचक्रात योग्य, परवडणारी व दर्जेदार आरोग्यसेवा मिळावी, असे उद्दिष्ट ठरविले. भारतात १९९६ मध्ये कुटुंबनियोजनाची उद्दिष्टपद्धती रद्द झाली आणि १९९७ मध्ये प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रम सुरू झाला.

पुन्हा एकच आकडा :

२००० नंतरच्या सहस्रक विकास उद्दिष्टांत स्त्री-आरोग्याचे मोजमाप पुन्हा मातामृत्यूवर येऊन ठेपले. प्रजनन आरोग्याचे लक्ष्य त्यात २००७ मध्ये समाविष्ट झाले. भारतात २००५ मध्ये सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेने संस्थात्मक प्रसूतीला चालना दिली. देशातील मातामृत्यूचे प्रमाण २००४-०६ मधील दर लाख जिवंत जन्मांमागे २५४ वरून २०१८-२० मध्ये ९७ वर आले. ही उपलब्धी निर्विवाद आहे.

परंतु याच काळातील इतर आकडे वेगळे चित्र दाखवितात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातील रक्तक्षयग्रस्त स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ५३ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ५७ टक्के झाले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबतही विरोधाभास आढळतो. उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. विषाणूच्या एका चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटतात, हे त्यातून दिसले. तरीही २०१९-२१ च्या सर्वेक्षणात ३० ते ४९ वयोगटातील जेमतेम २ टक्के स्त्रियांचीच या कर्करोगासाठी कधीतरी तपासणी झालेली होती.

निष्कर्ष :

ज्याची मोजणी होते त्यालाच निधी व मनुष्यबळ मिळते, असे या इतिहासावरून दिसते. कैरो व बीजिंगने जीवनचक्राची भाषा दिली. मात्र मोजमाप प्रसूतीभोवतीच राहिले. किशोरवयीन मुलीचा रक्तक्षय आणि पन्नाशीतील स्त्रीचा कर्करोग हे मातामृत्यूच्या आकड्यात उतरत नाहीत. म्हणून विकासाच्या निर्देशांकांत त्यांना स्वतंत्र स्थान मिळणे आवश्यक ठरते.