कार्ले येथील शिलालेख : कला, करव्यवस्था आणि आंतरविद्याशाखीय दृष्टी

प्रास्ताविक

पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात लोणावळ्याजवळ असलेले कार्ले येथील चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांबीचे असून प्राचीन भारतीय शैलस्थापत्याचा तो एक श्रेष्ठ नमुना मानला जातो. कलेतिहासाचे अभ्यासक तेथील शिल्पांचा, तर लिपितज्ज्ञ ब्राह्मी अक्षरांचा विचार करतात. करव्यवस्थेचा अभ्यासक मात्र या लेण्याकडे क्वचितच वळतो. वस्तुतः कला, धर्म, व्यापार आणि कर हे विषय येथे एकाच दगडावर कोरलेले आहेत. प्रस्तुत लेखात या शिलालेखांतील दानाच्या दोन प्रकारांचा परामर्श घेतला आहे.

स्तंभदान आणि ग्रामदान

पहिला प्रकार वास्तूच्या दानाचा होय. वैजयंती येथील श्रेष्ठी भूतपाल याने हे शैलगृह पूर्णत्वास नेल्याचा लेख आहे. धेनुकाकट येथील गांधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, सिंहदत्त याने द्वाराचे दान केले. त्याच गावचा सुतार सामी याने द्वार घडविल्याचीही नोंद आहे. अनेक स्तंभांवर यवन दात्यांची नावे आढळतात. व्यापारी, कारागीर व परकीय यांनी आपल्या मिळकतीतून अथवा श्रमातून या वास्तूस हातभार लावला, असे यावरून दिसते.

दुसरा प्रकार ग्रामदानाचा होय. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने करजिक हे गाव वलूरक लेण्यांतील भिक्षूंच्या निर्वाहासाठी दिले. सातवाहनांच्या राजाज्ञेतही याच नावाचे गाव येते. ते ‘मामाल’ आहारात, म्हणजे तत्कालीन प्रशासकीय विभागात, होते. ‘मावळ’ या नावाचे हे प्राचीन रूप मानले जाते. राजपुरुषांनी दत्त भूमीत प्रवेश करू नये, मिठासाठी ती खणू नये, अशा सवलती तीत नमूद आहेत. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या ७ व्या राज्यवर्षातील लेखानुसार महारठी सोमदेव याने एक गाव ‘सकरुकरो सदेयमेयो’, म्हणजे सर्व कर व देण्यांसह, संघास दिले.

या दोन्ही प्रकारांना ‘दान’ हाच शब्द असला तरी त्यांचे आर्थिक स्वरूप भिन्न आहे. स्तंभाचा भार दात्याने स्वतः उचलला. ग्रामदानात मात्र दात्याने महसुलाचा हक्क सोडला आणि तो महसूल पिकविणारा शेतकरी शेतातच राहिला; बदलला तो केवळ घेणारा. दात्याचे नाव दगडावर राहिले, कर देणाऱ्याचे राहिले नाही.

कोसंबींची अभ्यासदृष्टी

अशा प्रश्नांकडे विद्याशाखांच्या सीमा ओलांडून पाहणारे विद्वान म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७-१९६६). टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक असताना ते पुण्याहून ‘डेक्कन क्वीन’ने मुंबईस जात; हा लोहमार्ग मावळातूनच जातो. आनुवंशिकीतील त्यांचे १९४४ चे सूत्र आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. प्राचीन नाण्यांची चलनातील झीज त्यांनी वजने घेऊन संख्याशास्त्राने तपासली. कार्ल्याचा परिसर पायी हिंडून लेणी, व्यापारी मार्ग आणि देवतांची ठाणी यांचा संबंध त्यांनी शोधला. धेनुकाकट म्हणजे नजीकचे देवघर, हे त्यांचे मत सर्वमान्य झाले नाही. तथापि नकाशा, पाऊलवाट आणि शिलालेख एकत्र वाचण्याची त्यांची पद्धती त्यामुळे गौण ठरत नाही.

निष्कर्ष

चैत्यगृहाचे सौंदर्य आणि त्याच्या संघाचा निर्वाह हे दोन स्वतंत्र विषय नाहीत. कलेतिहास केवळ दात्यांची नावे वाचील, तर करजिकचा शेतकरी अदृश्य राहील; अर्थशास्त्र केवळ कर मोजील, तर सुतार सामीचे कौशल्य निसटेल. महाविद्यालयीन अध्यापनात इतिहास, अर्थशास्त्र आणि गणित या विभागांनी मिळून अशा एखाद्या स्थळाचा अभ्यास हाती घेतल्यास दान देणारा आणि दानाचा भार वाहणारा, असे दोघेही विद्यार्थ्यांना दिसू शकतील.