परसांतील घूस आणि दुष्काळामागचा उंदीर

परसांतील तुळशीवृंदावन एका बाजूस कललेलें दिसलें तेव्हां प्रथम आम्ही पावसास दोष दिला. दुसरे दिवशीं सकाळीं पाहतों तों पायथ्याशीं ताज्या, भुसभुशीत मातीचा ढीग, आणि त्याला लागून मूठभर रुंदीचें बीळ! अळूचे कांदे कुरतडलेले, केळीच्या बुंध्याखालीं पोकळी झालेली. अपराधी कोण हें ओळखण्यास नगर जिल्ह्यांतील कोणाही शेतकऱ्याच्या पोरास पंचांगाची गरज लागत नाहीं. ही घूस. आम्ही बिळांत पाणी ओतलें, मिरच्यांची धुरी दिली, तोंडांत दगड ठोकला. तिनें चार हातांवर दुसरें तोंड काढलें. घरांतील वडील माणसांनीं तर निराळीच सूचना केली: गणपतीच्या वाहनाच्या गोतांतील हा जीव आहे, जपून असावें. ज्या जिल्ह्यांत भीमेच्या कांठीं सिद्धटेकचा विनायक बसला आहे, तेथें ही सूचना अगदींच टाकाऊ म्हणतां येत नाहीं.

परसांतील हा उपद्रव हंसण्यावारी नेतां येतो, याचें कारण आमचें धान्य डब्यांत सुरक्षित असतें. तें तसें नसतें तर काय झालें असतें, हें पाहावयाचें असल्यास दीडशें वर्षें मागें जावें लागतें.

या कुळाची एक जुनी शास्त्रीय हकीकत लिहिली ती वॉल्टर एलियट या ब्रिटिश अधिकाऱ्यानें. त्याची दक्षिण मराठा मुलखांतील सस्तन प्राण्यांची यादी सन १८३९ मध्यें प्रसिद्ध झाली. काळ्या रानाच्या भेगांत राहणारा एक मऊ केसांचा उंदीर तो वर्णितो. पाऊस नीट पडला म्हणजे भेगा मिटतात आणि त्यांत हजारों उंदीर मरतात. परंतु सन १८२६ मध्यें पाऊस तुटक पडला, भेगा उघड्या राहिल्या, आणि उंदीर इतके माजले कीं पेरलेलें बीं त्यांनीं जमिनींतच खाल्लें व पुढें ज्वारीच्या ताटांवर चढून कणसेंही फस्त केलीं. कित्येक शेतकऱ्यांस सारा देणें अशक्य झालें. उंदीर मारण्यास वडार लावले. डझनांच्या हिशेबानें त्यांस धान्य मिळे. हजारों मारूनही संख्या कमी झालेली दिसेना.

वडारांचा आणि या प्राण्यांचा संबंध मजुरीपुरता नव्हता. शेतांतील लहान घूस बिळांत धान्याचा सांठा करते. तें बीळ कोठें वळतें आणि कोठार कोणत्या अंगास असतें याचें ज्ञान त्यांस पिढीजात होतें, आणि खणून काढलेल्या त्या धान्यावर कुटुंबाचे कांहीं दिवस निभत. एलियटनें भेगांतल्या उंदराचें वडारी नांव 'मेट्टाड' असें नोंदलें. आजही शास्त्रज्ञ त्याला 'मिलार्डिया मेल्टाडा' म्हणतात. इंग्रजींतील 'बँडिकूट' हा शब्दही तेलुगु 'पंदिकोक्कु', म्हणजे डुक्कर-उंदीर, यावरून आलेला. ज्यांस पोटासाठीं बिळें उकरावीं लागलीं, त्यांच्याच बोलींतून हीं नांवें शास्त्रांत गेलीं.

आतां आपल्या जिल्ह्याकडे वळूं. सन १८७५ च्या मे महिन्यांत सुप्यास सावकारांविरुद्ध दंगा उसळला, आणि तो पारनेर, श्रीगोंदें, कर्जत या नगरच्या तालुक्यांत पसरला. पाठोपाठ सन १८७६ चा पाऊस गेला व मोठा दुष्काळ पडला. सन १८७८ मध्यें पाऊस आला, तो उलट अति झाला. तरी शेतें उभीं राहिलीं. बीं बहुधा सावकाराकडूनच आणलेलें. दोन वर्षें अन्नास पारखा झालेला कुणबी रब्बीकडे डोळे लावून बसला, आणि नेमक्या त्या हंगामांत, सन १८७८-७९ मध्यें, दख्खनभर उंदरांची धाड आली. सुमारें तीन आठवड्यांत विणारा आणि एका वेतांत सहासात पिलें देणारा हा प्राणी. कोरड्या वर्षांत भेगांतून बुडाल्याविना वांचलेली वीण या धाडीच्या मुळाशीं असावी, असें एलियटच्या निरीक्षणावरून अनुमान करण्यास जागा आहे. सरकारनें मारलेल्या उंदरांमागें बक्षीस लाविलें. लाखांनी उंदीर मारले गेले. पण पीक परत आलें नाहीं.

त्याच सन १८७९ मध्यें पुणें, नगर, सोलापूर व सातारा या चार जिल्ह्यांसाठीं शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. इतिहासाचीं पुस्तकें दंगा सांगतात, दुष्काळ सांगतात, कायदा सांगतात. या तिहींच्या सांध्यांत बसलेला उंदीर मात्र सहसा सांगत नाहींत. कुणब्याच्या हिशेबांत तो सावकाराइतकाच खरा होता. सावकार निदान खळ्यापर्यंत थांबे. उंदीर तेवढेंही थांबला नाहीं.

पुढें सन १८९६ मध्यें मुंबईस प्लेग आला आणि बिळाचा अर्थच पालटला. घरांत उंदीर पडूं लागले कीं गांव सोडून रानांत झोपड्या घालावयाच्या, हें लोक अनुभवानें शिकले. नंतर भंडारदऱ्याचें धरण सन १९२६ मध्यें पुरें झालें, प्रवरेच्या पाटाखालीं ऊंस आला, आणि ज्या शिवारांत भेगांतला उंदीर राज्य करी तेथें ओल्या बांधांतली घूस नांदूं लागली. ती ऊंस कुरतडते, बांध पोखरते, पाटाचें पाणी वाटेंत मुरवते. विषाचें आमिष तिला दोनदां फसवीत नाहीं. एकदां आजारी पडली कीं तें ती ओळखून टाळते. तिचे खरे वैरी धामण, मुंगूस व गव्हाणी घुबड. आणि त्यांतल्या धामणीस व घुबडास आपण भीतीनें व अपशकुनाच्या समजुतीनें मारीत वा हांकीत आलों. १८२६ चा धडा आपण पुरता शिकलों नाहीं. मेलेले उंदीर मोजल्यानें उंदीर हटत नाहींत. त्यांस जागा आणि दाणा मिळूं न देणें हेंच अधिक टिकाऊ.

शेवटीं आम्ही वृंदावनाचा पाया उकरला. खालच्या पोकळींत गवताचें अंथरूण आणि भुईमुगाच्या शेंगांचा ढीग निघाला. जेमतेम दोन ओंजळी भरल्या असतील. पायांत दगड, चुना व फुटक्या काचा भरून वृंदावन पुन्हां सरळ उभें केलें. शेंगा मातकट झालेल्या, म्हणून उकिरड्यावर टाकाव्या असें ठरलें. त्या टाकतांना हात किंचित् अडखळला. सन १८७८ च्या हिंवाळ्यांत याच जिल्ह्यांत कोणाच्या तरी घरीं ती रात्रीची चूल झाली असती.