सायकल, घोडा आणि पावतीपुस्तक

पेट-नेटची तयारी करणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "विषय मिळालाय, आता सुरुवात कुठून करू?" उपदेश करण्यापेक्षा आज एक विषय हातात घेऊ आणि तो कसा वळणं घेतो ते बघू. हल्ली लोक एखाद्या संस्थेच्या मदतीसाठी शेकडो किलोमीटर सायकल चालवतात, घोड्यावरून आठवडाभराची सफर करतात आणि त्या निमित्ताने ओळखीपाळखीच्यांकडून देणग्या जमवतात. समजा, या प्रकाराचा मुंबईतला इतिहास तुम्हाला लिहायचा आहे. टापू छोटाच धरा: गिरगाव, दादर, परळ, लालबाग आणि जोडीला कोट.

शोधायला बसलात की पहिल्याच दिवशी तुम्हाला १९२३ सापडेल. आणि तिथेच तुम्ही फसण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

त्या वर्षी १५ ऑक्टोबरला बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला आणि नरिमन कापडिया. युरोपातून पायी चालत आलेल्या एका फ्रेंच माणसाचं व्याख्यान काही वर्षांपूर्वी ओव्हल मैदानावर झालं होतं, तिथून हे वेड डोक्यात शिरलं. पंजाब, बलुचिस्तान, इराण करत ते बगदादला पोचले आणि पुढचं अलेप्पोपर्यंतचं वाळवंट त्यांनी २३ दिवसांत पार केलं. मग युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन. १८ मार्च १९२८ रोजी मुंबईत परत आले तेव्हा सहातले तिघेच उरले होते: हकीम, बापासोला, भुमगरा. अंतर भरलं सुमारे ७१,००० किलोमीटर. त्यांनी लिहिलेल्या प्रवासवर्णनाला पुढे जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना मिळाली. त्यांच्या पाठोपाठ १९२४ मध्ये फ्रामरोझ दावर एकटेच निघाले, आणि १९३३ मध्ये केकी खरास, रुस्तम गांधी, रतन श्रॉफ हे आणखी तिघं.

आता मोह काय होतो बघा. तुमचा विषय आहे 'मदतनिधीसाठी सायकलस्वारी' आणि समोर आहे इतकी देखणी गोष्ट. लगेच पहिलं प्रकरण मनात लिहून होतं: 'मुंबईतील निधीसंकलन सायकलस्वारीचे आद्य प्रवर्तक'. पण जरा थांबा आणि एकच प्रश्न विचारा. हे कुणासाठी पैसे गोळा करत होते?

कुणासाठीच नाही. त्यांना जग बघायचं होतं, देशाचं नाव करायचं होतं, हिंदी माणसाचं शरीरही हे करू शकतं हे दाखवायचं होतं. त्या काळात असे जगफिरे स्वतःचा फोटो छापलेली पोस्टकार्डं विकून, व्याख्यानं देऊन प्रवासखर्च काढत. म्हणजे घाम होता, पैसाही होता, पण तो पैसा स्वाराच्याच पुढच्या मुक्कामाचा होता. तिसरा माणूस, ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो रुग्ण किंवा ते अनाथ मूल, चित्रात कुठेच नाही.

मी मूळची भौतिकशास्त्राची. एकक सापडल्याशिवाय मला चैन पडत नाही. या विषयाचं एकक माझ्या मते 'रुपये दर किलोमीटर' हे आहे. एक जण म्हणतो, मी इतकं अंतर कापीन. दुसरा म्हणतो, मग दर मैलामागे मी इतके देईन. आणि ते जातात तिसऱ्याकडे. हे एकक ज्या वर्षी पहिल्यांदा दिसतं, तिथून तुमचा इतिहास सुरू होतो. त्याआधीचं सगळं म्हणजे पूर्वपीठिका, आणि ती दोन वेगवेगळ्या धाग्यांची आहे.

पहिला धागा दानाचा. भुलेश्वरजवळचा पांजरपोळ १८३४ सालचा. जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने तो उभा राहिला. भाकड गाई, लंगडे बैल, भटकी कुत्री यांच्या चाऱ्यापाण्याचा पैसा आला कुठून? व्यापाऱ्यांनी आपल्याच मालावर आपणहून बसवलेल्या 'लाग्या'तून. मालाच्या व्यवहारावर ठरलेला अंश बाजूला पडायचा. कुणाला पळायला नको, कुणाला चढायला नको. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं हॉस्पिटल १८८० च्या दशकात झालं, ते शेटियांच्या देणगीतून. गिरगावात केशवजी नाईक चाळीचा गणपती १८९३ पासूनचा, लालबागच्या राजाचं मंडळ १९३४ चं. तिथे चालते ती वर्गणी. दारावर पावतीपुस्तक येतं, शेजाऱ्याने किती दिले ते तुम्ही हळूच वरच्या पावतीवर वाचता आणि तेवढेच देता. (यावर कुणीतरी खरंच प्रबंध लिहायला हवा.) गाडगे महाराजांची तऱ्हा आणखी निराळी. कीर्तन उभं करायचं, लोकांना हलवून सोडायचं, धर्मशाळांसाठी पैसा जमायचा, आणि स्वतः मात्र पैशाला हात लावायचा नाही.

दुसरा धागा कष्टाचा. सोमवारी रात्री घरातून निघून मंगळवारी पहाटे प्रभादेवीला सिद्धिविनायकापर्यंत अनवाणी चालत जाणारी माणसं तुम्ही पाहिली असतील, कदाचित तुमच्या घरातलीच असतील. आई मुलाच्या दुखण्यासाठी नवस बोलते आणि पायपीट करते. म्हणजे दुसऱ्यासाठी कष्ट सोसणं आपल्याला मुळीच नवीन नाही. पण तिच्या पायपिटीकडे बघून शेजारच्या काकू हॉस्पिटलचं बिल भरत नाहीत. कष्ट देवाच्या खात्यावर, पैसा दानपेटीत. एकाचा हिशेब दुसऱ्यात मिसळत नाही.

हे दोन धागे या शहरात शंभरावर वर्षं शेजारी शेजारी राहिले आणि एकमेकांत गुंतले नाहीत. तुमच्या प्रबंधाचा खरा प्रश्न हा आहे. 'पहिला स्वार कोण' यापेक्षा कितीतरी चांगला. मी दमलो, म्हणून तू तिसऱ्याला पैसे दे, हे वाक्य लोकांना पटायला केव्हा लागलं?

ते बाहेर आधी पटलं. कॅनडात १९६७ साली 'माइल्स फॉर मिलियन्स' नावाच्या पदयात्रा सुरू झाल्या. त्यात शाळकरी मुलं दर मैलामागे पैशाचं वचन घेऊन चालत. आपलं एकक तिथे स्वच्छ दिसतं. मग १९८० मध्ये टेरी फॉक्स. हाडाच्या कर्करोगात एक पाय गेलेला हा तरुण १२ एप्रिलला कॅनडाच्या पूर्व टोकावरून कृत्रिम पायावर धावत निघाला आणि १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर गेल्यावर कर्करोग फुप्फुसात पसरल्यामुळे थांबला. २८ जून १९८१ ला तो गेला, वय २२. त्याने मागितलं होतं दर कॅनडावासीयामागे एक डॉलर. म्हणजे अंतराचं एकक सुटलं आणि त्याची जागा शरीराने घेतली. धावणारा स्वतःच रुग्ण होता. त्यानंतर जगभर जे काही झालं, त्यावर या दौडीची सावली आहे.

आपल्याकडचं याच दशकातलं उदाहरण मात्र या साच्यात बसत नाही, म्हणूनच ते वगळू नका. डिसेंबर १९८५ मध्ये बाबा आमट्यांची 'भारत जोडो' यात्रा कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाली. शंभराहून जास्त तरुण-तरुणी सायकलवर, आणि मणक्याच्या दुखण्यामुळे बसू न शकणारे बाबा गाडीत आडवे. सुमारे ५,००० किलोमीटर. पुढे १९८८-८९ मध्ये इटानगर ते ओखा. इथे अंतर आहे, घाम आहे, दुसऱ्यासाठीची तळमळ आहे, पण मागणं पैशाचं नाही. मागणं होतं माणसं जोडण्याचं. माहिती सिद्धान्तात बसेना की ती तळटीपेत ढकलायची सवय आपल्याला लागलेली असते. इथे तसं करू नका. दूरच्या प्रवासाचा नैतिक वजन म्हणून वापर करायला मराठी माणूस कॅनडाकडून शिकला नाही, हे या एका उदाहरणावरून दिसतं.

मुंबईत धागे उघडपणे गुंतले ते २००४ पासून, मॅरेथॉनमध्ये. सीएसएमटीच्या परिसरात जानेवारीतल्या त्या रविवारी बघा, कुणाच्या छातीवर संस्थेचं नाव असतं, कुणाच्या हातात फलक. सायकलस्वाऱ्या आणि घोडसफरी त्याच वाटेने आल्या. दर किलोमीटरचा हिशेब मात्र आता जवळपास कुणी मागत नाही. ऑनलाइन पानावर एक आकडा असतो आणि अंतर हे फक्त निमित्त.

घोड्याबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं. सायकलवर घाम स्वाराचा असतो. घोड्यावर तो बराचसा घोड्याचा. आणि मुंबईला घोड्याच्या घामाचा इतिहास आहे. १८७४ ते १९०५ इथली ट्राम घोडे ओढत होते. व्हिक्टोरिया गाड्या मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बेकायदा ठरवल्या, त्यामागे घोड्यांच्या हालांचाच मुद्दा होता. ज्या शहराने पोटासाठी घोडा हाकणाऱ्याला थांबवलं, त्याच शहरातून कुणी परोपकारासाठी घोडसफरीला जात असेल, तर दोन्ही घोड्यांकडे एकाच नजरेने बघायची तयारी संशोधकाची हवी. मला हा प्रश्न अवघड वाटतो आणि त्याचं सोपं उत्तर देणाऱ्यांचा जरा संशयच येतो.

मग पुरावे कुठे शोधायचे? स्वारांच्या मुलाखती, फोटो, पदकं यांत रमू नका. पावत्यांकडे जा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार नोंदणी झालेल्या न्यासांना हिशेब ठेवावे लागतात, तपासून घ्यावे लागतात. नोंदणी नसताना धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची, तर कलम ४१ क आहे. गणेश मंडळं त्याच कलमाखाली धर्मादाय आयुक्तांकडे परवानगी मागतात. परदेशातल्या अनेक सफरींत स्वाराने किमान ठरावीक रक्कम जमवायची असते आणि त्यातूनच त्याच्या विमानाचा, तंबूचा, घोड्याचा खर्चही निघतो. म्हणून प्रत्येक प्रकरणात दोन आकडे वेगळे काढा: जमले किती आणि पोचले किती. स्वाराने स्वतःच्या सहलीचे पैसे स्वतः भरले का, हा तिसरा आकडा. हे तीन रकाने आखलेत की निम्मं काम झालं.

आणि हे सगळं कशासाठी, ते बघायला परळला टाटा हॉस्पिटलसमोर जा. १९४१ साली सुरू झालेल्या या रुग्णालयात देशभरातून माणसं येतात, आणि खोली परवडत नाही म्हणून त्यांतली कित्येक जण समोरच्या फुटपाथवर फायली उशाला घेऊन झोपतात. काहींना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते. ती धर्मशाळा ज्या परंपरेतली आहे, तिच्यात कुणी एक किलोमीटरही सायकल चालवली नव्हती. तुमच्या चौथ्या रकान्याला मथळा द्या 'रुग्णापर्यंत', आणि तो भरायला तिथूनच सुरुवात करा. सकाळी आठच्या आत गेलात तर माणसं बोलायला मोकळी असतात, नंतर ओपीडीची रांग लागते.